आवाजाचे नाव असलेला ड्रॅगन

मनुष्य आणि प्राणी यांचे सख्य फार जुने आहे. शेतीचा शोध लागण्यापूर्वीच कुत्रा मनुष्याच्या शेकोटीजवळ येऊन बसू लागला होता. पुढे शेळी, गाय, घोडा, मांजर असे अनेक प्राणी मनुष्याच्या सहवासात आले. कोणी दूध दिले, कोणी ओझी वाहिली, कोणी धान्याची राखण केली. परंतु मनुष्याने केवळ उपयोगासाठीच प्राणी पाळले असे म्हणता येणार नाही. मांजराचे पिल्लू आपल्या मांडीवर निजते, तेव्हा ते कोणतेही काम करीत नसते. तरी ते जागे होऊ नये म्हणून आपण मांडी हलवीत नाही. ज्याला आपण खाऊपिऊ घालतो, ज्याची आपण वाट पाहतो, त्याचा आपल्याला लळा लागतो. हा मनुष्याचा स्वभावच आहे.

या स्वभावाचा एक नवलाचा आविष्कार गेल्या काही दशकांत जगाने पाहिला. ज्याला हाड नाही, मांस नाही, ज्याला खरी भूकही लागत नाही आणि खरी झोपही येत नाही, अशा प्राण्याला लक्षावधी मुले पाळू लागली. या प्राण्याला ‘आभासी पाळीव प्राणी’ असे म्हणतात. आभास म्हणजे जे नसून असल्यासारखे भासते ते. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर दूर पाणी चमकताना दिसते. जवळ जावे, तर तेथे धूळच असते. आभासी प्राणीही तसाच आहे. तो यंत्राच्या पडद्यावर दिसतो, हलतो, वाढतो आणि कधी कधी मरतोही. पण पडदा विझला म्हणजे त्याला हात लावता येईल अशी कोणतीच वस्तू उरत नाही.

या प्राण्यांना खरी प्रसिद्धी मिळाली ती जपानमध्ये. 1996 सालच्या नोव्हेंबर महिन्यात तेथील बांदाई या खेळणी तयार करणाऱ्या कंपनीने ‘तामागोची’ नावाचे एक छोटेसे खेळणे विक्रीस आणले. अकिहिरो योकोई आणि आकी माइता ही दोन नावे त्याच्या निर्मितीशी जोडली गेली आहेत. जपानी भाषेत ‘तामागो’ म्हणजे अंडे. शेवटचा ‘ची’ हा भाग घड्याळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या जपानी उच्चारावरून आला. खेळण्याचा आकारही अंड्यासारखाच असून ते मुठीत सहज मावत असे. त्यावर एक लहान पडदा आणि तीन कळी होत्या. खेळणे सुरू केले की पडद्यावर अंडे दिसे, काही मिनिटांतच ते फुटे आणि आतून एक चिमुकला जीव बाहेर येई. मग त्याला वेळेवर खाऊ घालावे लागे, त्याच्याशी खेळावे लागे, त्याची घाण काढावी लागे, आजारी पडल्यास औषध द्यावे लागे आणि रात्री दिवा मालवावा लागे. हयगय झाली, तर तो मरून जाई. जपानी खेळण्यात अशा वेळी पडद्यावर थडगे दिसे.

हे खेळणे इतके लोकप्रिय झाले, की 1997 साली ते जगाच्या अनेक देशांत पोहोचले. मुले ते शाळेत नेऊ लागली. गणिताचा तास चालू असता दप्तरातून बारीक ‘पीं पीं’ असा आवाज येई, आणि कोणाचा तरी प्राणी भुकेला झाला आहे हे साऱ्या वर्गाला कळे. अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली. मग मुले शाळेत असताना त्यांच्या आयांना त्या प्राण्याला खाऊ घालावे लागे! त्याच वर्षी या दोघा निर्मात्यांना ‘इग नोबेल’ नावाचे एक विनोदी पारितोषिक देण्यात आले. मनुष्यजातीच्या कामाचे लक्षावधी तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळविल्याबद्दल हा गौरव आहे, असे देणाऱ्यांनी गमतीने जाहीर केले होते. परंतु गंमत बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. आपला तामागोची मेला म्हणून रडणारी मुले खोटे रडत नव्हती. प्राणी आभासी होता, अश्रू मात्र खरे होते.

पुढे इंटरनेटचा प्रसार झाला, तसे हे प्राणी खेळण्यातून निघून संगणकाच्या महाजालात राहावयास गेले. 2006 साली ‘ड्रॅगन केव्ह’, म्हणजे ‘ड्रॅगनची गुहा’, या नावाचे एक संकेतस्थळ सुरू झाले. ड्रॅगन हा कल्पित प्राणी होय. युरोपातील जुन्या कथांमध्ये तो पंख असलेला, तोंडातून ज्वाळा ओकणारा आणि सोन्याच्या राशीवर पहारा करणारा भयंकर सर्प आहे. चीनमध्ये मात्र तो मंगल मानला जातो. तेथे तो पाण्यात राहतो आणि पाऊस पाडतो अशी समजूत आहे. गाय आणि कुत्रा खरोखर पाळता येतात. ड्रॅगन पाळण्याची हौस मात्र कल्पनेतच पुरवावी लागते. म्हणूनच आभासी प्राण्यांच्या जगात त्याला मोठा मान मिळाला असावा.

या गुहेतील व्यवस्था मोठी विचार करण्याजोगी आहे. येथे येणाऱ्याने गुहेतून एखादे अंडे उचलावयाचे असते. ते अंडे उबविण्यासाठी ऊब लागत नाही आणि पिल्लाला वाढण्यासाठी दाणाही लागत नाही. त्यांना लागते ती माणसांची नजर. अंड्याचे चित्र जितके लोक पाहतील, तितकी त्याच्या खाती एकेका नजरेची नोंद होते. ठरलेल्या मुदतीत पुरेशा नोंदी झाल्या, तर अंडे फुटते. पुढे पिल्लाचीही वाढ याच रीतीने होते. मुदत संपेपर्यंत कोणीच फिरकले नाही, तर अंडे मरते. परंतु थोड्या वेळात फारच लोकांनी पाहिले, तर तेही त्याला सोसत नाही. ते आजारी पडते. दुर्लक्ष जसे घातक, तसे अतिलक्षही घातक! रोपाला पाणी न घालणारा आणि रोपाला दिवसातून दहा वेळा पाणी घालणारा, असे दोन्ही माळी रोप मारतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. एकदा का ड्रॅगन पूर्ण वाढला, की मग त्याला कसलेही भय उरत नाही. तो आपल्या धन्याच्या संग्रहात कायमचा राहतो.

आता हा प्राणी ‘जगतो’ म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. एका वहीत तुम्ही तीन रकाने आखले आहेत, अशी कल्पना करा. पहिल्या रकान्यात वय, दुसऱ्यात भूक आणि तिसऱ्यात आनंद लिहावयाचा. तामागोचीत भूक आणि आनंद मोजण्यासाठी प्रत्येकी चार हृदये काढलेली असत. ठरावीक वेळ गेला, की एक हृदय रिकामे करावयाचे. खाऊची कळ दाबली, की एक भरावयाचे. चारही हृदये फार वेळ रिकामी राहिली, तर प्राणी आजारी पाडावयाचा. वय अमुक झाले, की लहान चित्र काढून मोठे चित्र ठेवावयाचे. एवढे नियम एखाद्या कारकुनाला लिहून दिले, तर तोही वहीच्या आधारे हा प्राणी सांभाळील. संगणक हेच काम न थकता आणि न चुकता करतो. म्हणजे आपण ज्याला भूक म्हणतो, तो तेथे एक कमी होत जाणारा अंक असतो. आणि आपण ज्याला मृत्यू म्हणतो, तो शून्यावर आलेला अंक असतो. अंकाला दुःख होत नाही. दुःख होते ते पाहणाऱ्याला.

प्राणी पाळला, की त्याला नाव हवे. आपल्याकडे गाईला कपिला म्हणतात, कुत्र्याला मोती म्हणतात. हजार गावांत हजार मोती असले, तरी कोणाची अडचण होत नाही. ड्रॅगनच्या गुहेत मात्र तसे चालत नाही. तेथे एकाने एक नाव घेतले, की तेच नाव दुसऱ्याला आपल्या ड्रॅगनसाठी घेता येत नाही. म्हणून खेळणारे दूरदूरची नावे शोधून काढतात. ताऱ्यांची, फुलांची, नद्यांची नावे संपली, की कोणी संगीताकडे वळतो. समजा, एखाद्या मुलीने आपल्या ड्रॅगनसाठी ‘कॉन्ट्राल्टो’ हे नाव निवडले. नाव कानाला भारदस्त वाटते खरे. पण हे नाव कोणाचे? ते एखाद्या व्यक्तीचे किंवा प्राण्याचे नसून मनुष्याच्या आवाजाच्या एका प्रकाराचे नाव आहे. ते समजून घ्यावयाचे, तर प्रथम आवाज कसा निर्माण होतो, हे पाहिले पाहिजे.

छातीतून वर येणारा श्वास गळ्यातील स्वरयंत्रातून जातो. तेथे स्नायूंच्या दोन नाजूक घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वासाच्या झोताने हे तंतू थरथरू लागतात आणि त्या कंपनातून आवाज उत्पन्न होतो. तंबोऱ्याची जाड तार खालचा स्वर देते आणि बारीक तार वरचा स्वर देते; त्याचप्रमाणे लांब व जाड स्वरतंतू सावकाश कंप पावतात व खालचा स्वर देतात, तर आखूड व पातळ तंतू जलद कंप पावून वरचा स्वर देतात. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या आवाजांत फारसा भेद नसतो. तुमच्या वयाच्या सुमारास मुलांचे स्वरयंत्र एकाएकी वाढू लागते. तंतू लांब व जाड होतात, आवाज मध्येच घोगरा होतो, मध्येच चिरकतो. यालाच आपण ‘आवाज फुटला’ असे म्हणतो. यात हसण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काही नाही. एक वाद्य मोडून त्याच्या जागी दुसरे तयार होत असते. मुलींचाही आवाज या वयात थोडा बदलतो, पण तो इतका जाणवत नाही.

पाश्चात्य अभिजात संगीतात प्रौढ गायकांच्या आवाजाचे मुख्यतः सहा प्रकार मानतात. स्त्रियांच्या आवाजांत सर्वांत वरचा तो सोप्रानो, मधला तो मेझो-सोप्रानो आणि सर्वांत खालचा तो कॉन्ट्राल्टो. पुरुषांच्या आवाजांत वरचा तो टेनर, मधला तो बॅरिटोन आणि खालचा तो बास. बास गायकाच्या खालच्या स्वरात स्वरतंतू सेकंदाला सुमारे 80 वेळा थरथरतात. सोप्रानो गायिकेच्या वरच्या स्वरात ते 1,000 हून अधिक वेळा थरथरतात. परंतु आवाजाचा प्रकार केवळ उंचीवरून ठरत नाही. आवाजाचा पोत कसा आहे, तो जड आहे की हलका, आणि कोणत्या स्वरांत तो न शिणता सर्वांत सुंदर लागतो, हेही पाहावे लागते. या कसोट्यांना उतरणारा खरा कॉन्ट्राल्टो फार दुर्मिळ असतो. तो ऐकताना सायंकाळच्या देवळातील मोठ्या घंटेची आठवण व्हावी, असा त्याचा गंभीर नाद असतो.

या शब्दाचा इतिहासही गमतीदार आहे. इटालियन भाषेत ‘आल्टो’ म्हणजे उंच. मग स्त्रियांच्या सर्वांत खालच्या आवाजाला ‘उंच’ हे नाव कसे पडले? पाचशे-साडेपाचशे वर्षांपूर्वी युरोपातील चर्चमध्ये एकाच वेळी अनेक सुरावटी एकत्र गाण्याची पद्धत होती. त्यांत मुख्य चाल जो धरून ठेवी, तो ‘टेनर’. लॅटिन भाषेत त्या शब्दाच्या मुळाचा अर्थच धरून ठेवणे असा आहे. या टेनरच्या समोर त्याला जोड म्हणून दुसरे आवाज येत. त्यांपैकी टेनरच्या वर गाणारा तो उंच, म्हणून त्याला ‘आल्टुस’ म्हणत. खाली गाणारा तो नीच, म्हणून त्याला ‘बासुस’ म्हणत. ‘कॉन्ट्रा’ म्हणजे समोरचा. यांवरूनच कॉन्ट्राल्टो आणि बास हे शब्द आले. त्या काळी चर्चमध्ये हे सर्व भाग पुरुष व मुलगेच गात असत, आणि पुरुषांच्या मानाने तो आवाज उंचच होता. पुढे तो भाग स्त्रिया गाऊ लागल्या. त्यांच्यात तो सर्वांत खालचा ठरला, तरी जुने नाव तसेच राहिले.

आपल्या शास्त्रीय संगीतात आवाजांची अशी सहा नावे नाहीत. याचे कारण पाहण्यासारखे आहे. पाश्चात्य संगीतात रचनाकार प्रत्येक स्वराची उंची कागदावर पक्की लिहून ठेवतो. म्हणून ती रचना कोणत्या आवाजाला झेपेल, हे आधीच सांगावे लागते. आपल्याकडे षड्ज कोणत्या उंचीवर धरावयाचा, हे गायक स्वतःच्या गळ्याप्रमाणे ठरवितो. पेटीच्या भाषेत बोलावयाचे, तर कोणी ‘काळी एक’ या पट्टीत गातो, कोणी ‘काळी चार’ या पट्टीत. षड्ज ठरला, की मंद्र, मध्य आणि तार ही तीन सप्तके त्याच्याभोवती आपोआप ठरतात. तरी आवाजांचे निराळेपण आपल्यालाही ठाऊक आहे. किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगळ यांचा भरदार, खालच्या पट्टीतील आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना स्त्रीचा गंभीर आवाज म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागणार नाही.

अभिजात संगीताच्या इतिहासात ज्या कॉन्ट्राल्टो गायिका आदराने स्मरल्या जातात, त्यांत मॅरियन अँडरसन यांचे स्थान फार वरचे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 1897 साली त्यांचा जन्म झाला. त्या कृष्णवर्णीय होत्या आणि घरची स्थिती गरिबीची होती. त्या लहान असतानाच वडील वारले. चर्चमध्ये गाणाऱ्या या मुलीचा आवाज असामान्य आहे, हे तेथील साध्यासुध्या लोकांनी ओळखले. त्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून पैसे गोळा केले आणि तिच्या गायनशिक्षणाची सोय केली. एका अंड्यावर अनेकांची नजर पडावी आणि ते फुटावे, तसेच हे झाले. मात्र येथे नजरेबरोबर खरा त्याग होता आणि पुढे खरी साधना होती.

1939 साली त्या जगप्रसिद्ध गायिका होत्या. तरीही केवळ कातडीच्या रंगामुळे वॉशिंग्टनमधील एका मोठ्या सभागृहाच्या चालकांनी त्यांच्या गायनाला जागा नाकारली. तेव्हा अब्राहम लिंकन यांच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर, उघड्या आभाळाखाली, त्यांचे गायन ठरविण्यात आले. 9 एप्रिल रोजी सुमारे 75,000 श्रोते तेथे जमले. लक्षावधी लोकांनी ते गायन रेडिओवरून ऐकले. ज्या आवाजाला एका सभागृहाचे दार उघडले नव्हते, तो साऱ्या देशाने ऐकला. 1955 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रमुख भूमिका गाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. 1957 साली आशियाच्या दौऱ्यात त्या भारतातही येऊन गेल्या.

दुसरे नाव इंग्लंडच्या कॅथलीन फेरियर यांचे. 1912 साली जन्मलेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी शाळा सोडून टेलिफोन कचेरीत नोकरी धरावी लागली. 1937 साली एका संगीत स्पर्धेत पियानोवादनासाठी त्यांनी नाव दिले होते. केवळ एका शिलिंगाच्या पैजेखातर त्या गायनातही उतरल्या आणि दोन्ही पारितोषिके घेऊन परतल्या. तेथून पुढे थोड्याच वर्षांत त्यांचा आवाज युरोप-अमेरिकेत गाजू लागला. पण त्यांना कर्करोगाने गाठले. 1953 सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या रंगभूमीवर ‘ऑर्फियस’ या संगीतिकेत गात असताना रोगाने पोखरलेले त्यांच्या मांडीचे हाड मोडले. वेदना असह्य होत्या. तरी त्यांनी उभे राहून तो प्रयोग शेवटपर्यंत पूर्ण केला. त्यांचा तो अखेरचा जाहीर प्रयोग ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वयाच्या 41व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत आजही ऐकावयास मिळतो.

येथे थोडे थांबून विचार करू. ध्वनिमुद्रिकेतील आवाजालाही देह नाही आणि पडद्यावरील ड्रॅगनलाही देह नाही. मग दोन्ही सारखेच का? नाही. ध्वनिमुद्रिकेतला आवाज हा एका जिवंत गळ्यातून निघालेल्या श्वासाचा ठसा आहे. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे, भीती आहे, वेदना आहे आणि संपून गेलेले एक आयुष्य आहे. ड्रॅगनमागे त्याच्या निर्मात्याची कल्पकता आहे आणि पाहणाऱ्याची माया आहे. पण त्या ड्रॅगनच्या स्वतःच्या वाट्याला काहीच आलेले नाही. तामागोची मेला, तरी कळ दाबताच नवे अंडे येते. गायिकेचा गळा एकदा कायमचा बिघडला, तर त्याला दाबण्यासाठी कळ नसते. गोठ्यातले वासरू दगावले, तर त्याच्या जागी दुसरे वासरू येऊ शकते, पण तेच वासरू येत नाही. जे पुन्हा सुरू करता येत नाही, त्याची काळजी घेताना आपली जबाबदारी फार मोठी असते.

म्हणून आभासी प्राणी पाळणे वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतील विदुषी शेरी टर्कल यांनी मुलांचे यंत्रांशी असलेले नाते पुष्कळ वर्षे अभ्यासले. आपण ज्याचे संगोपन करतो, त्याच्यावर आपले प्रेम बसते, आणि समोरची वस्तू निर्जीव आहे हे ठाऊक असूनही ते बसते, असे त्यांना आढळून आले. हे प्रेम म्हणजे मनुष्याच्या मनातील एक चांगली शक्तीच आहे. ठरल्या वेळी आठवण ठेवणे, दुसऱ्याची गरज ओळखणे, अति न करणे, या सवयी ड्रॅगन पाळूनही अंगी बाणू शकतात. अपार्टमेंटच्या चार भिंतींत ज्याला कुत्रा किंवा मांजर ठेवता येत नाही, अशा मुलाला तेवढाच विरंगुळाही मिळतो.

पण त्या शक्तीवर आपली सत्ता राहिली पाहिजे. यंत्रातील ‘पीं पीं’ हा आवाज भुकेल्या पिल्लाचा नसतो. आपण पुन्हा पुन्हा खेळाकडे परतावे, म्हणून तो खेळ करणाऱ्याने योजलेला असतो. आजच्या मोबाइल फोनवरील कितीतरी खेळ हीच युक्ती वापरतात. भूक खोटी असते, मात्र त्यासाठी दिलेला आपला वेळ खरा असतो आणि तो परत मिळत नाही. म्हणून हाक आली, की आधी स्वतःला विचारावे : मला बोलावणारा कोण आहे? तो आजोबांचा खोकला आहे, दाराशी आलेले मांजर आहे, की शून्याकडे जाणारा एक अंक आहे? तिन्हींना उत्तर देता येईल. पण कोणाला आधी द्यावयाचे, हे आपण ठरवावयाचे आहे.

त्या मुलीचा ‘कॉन्ट्राल्टो’ यथावकाश मोठा होईल, पंख पसरील आणि तिच्या संग्रहात निर्भयपणे राहील. त्याला आवाजाचे नाव मिळाले, पण आवाज मात्र मिळणार नाही. आवाज त्या मुलीपाशी आहे. तो अजून बदलत आहे; तो पुढे सोप्रानो होईल की कॉन्ट्राल्टो, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. त्याला रोज थोडी साधना हवी, पुरेशी विश्रांती हवी आणि उगाच ओरडून तो ताणू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. जी माया तिने पडद्यावरच्या अंड्याला लावली, तिचा थोडा वाटा तिने या आवाजासाठीही राखून ठेवावा.

स्वाध्याय

1. ‘प्राणी आभासी होता, अश्रू मात्र खरे होते’ असे लेखात का म्हटले आहे?
2. ड्रॅगनच्या गुहेतील अंडे कोणत्या दोन कारणांनी संकटात येते? त्यावरून काय बोध घेता येईल?
3. सर्वांत खालच्या स्त्री-आवाजाला ‘उंच’ या अर्थाचे नाव कसे मिळाले, ते आपल्या शब्दांत सांगा.
4. आपल्या संगीतात आवाजाचे सहा प्रकार का मानावे लागत नाहीत?
5. ध्वनिमुद्रिकेतील आवाज आणि पडद्यावरील ड्रॅगन यांतील साम्य व भेद लिहा.
6. तुम्ही काळजी घेत असलेला एखादा प्राणी, रोप किंवा वस्तू यांविषयी दहा ओळी लिहा.